ताटाजवळचा पेला

मद्यपानाविषयीं आपल्याकडे जें कांहीं लिहिलें व बोललें जातें, त्यांत दोनच प्रकारचीं माणसें वारंवार भेटतात. मद्याला ज्यानें कधीं स्पर्श केला नाहीं तो एक, आणि मद्यानें ज्याचा सर्वस्वीं ग्रास केला तो दुसरा. या दोघांच्या मधल्या जागेंत कोणी स्थिरपणें उभा राहूं शकतो कीं नाहीं, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. आणि विचारलाच, तर त्याचें उत्तर आधीं ठरवून मग विचारतों. आपली भाषाही याच बाजूची साक्ष देते. तोफेंत ठासावयाच्या चूर्णाला आपण जें नांव दिलें, तेंच पेल्यांतील पेयालाही दिलें. एका ठिणगीसरशीं घर उडवून देणारा पदार्थ आणि द्राक्षांचा आंबवलेला रस, या दोहोंनाही आपण ‘दारू’च म्हणतों. मराठी बायबलांत मात्र ‘द्राक्षारस’ असा निराळा शब्द योजिलेला आहे. प्रश्नाचा निकाल नांवांतच लागूं नये, म्हणून या लेखापुरता मीही तोच योजितों.

हा प्रश्न माझ्याकडे पुस्तकांतून आला नाहीं. तो घरच्या पंक्तीलाच येऊन बसला. माझा भाचा फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागांत, तुलूज शहरीं, दोन वर्षें शिक्षणासाठीं राहिला होता. परत आल्यावर एका बुधवारीं तो आमच्याकडे जेवावयास आला, तेव्हां त्यानें दिंडोरीकडील गडद तांबड्या द्राक्षारसाची एक बाटली बरोबर आणली व एक पेला भरून आपल्या ताटाजवळ ठेवला. सण नव्हता, समारंभ नव्हता. ताटांत मसुराची आमटी, वांग्याचें भरीत, बाजरीची भाकरी आणि लसणीची चटणी, एवढेंच होतें. “मामा,” तो म्हणाला, “तुम्हीही घ्या, असें मी म्हणत नाहीं. पण जेवतांना एक पेला घेतला तर त्यांत अनीति कोणती, तेवढें मला सांगा.” पंक्तीला माझी वृद्ध मावशीही होती. ती कांहीं बोलली नाहीं. तिच्याविषयीं पुढें लिहावयाचें आहे.

प्रथम भाच्याची बाजू नीट मांडली पाहिजे. तुलूज येथें तो एका वृद्ध दांपत्याच्या घरीं बिऱ्हाडाला होता. त्या प्रांताचें रोजचें अन्न आपल्या खेड्यांतील अन्नाइतकेंच साधें आहे: कोबी व घेवड्याचे दाणे घालून केलेलें दाट सूप, मसूर आणि त्यासोबत मांसाची सुरळी, पांढऱ्या घेवड्याबरोबर तासन्‌तास शिजलेलें बदक, आणि जाड सालीचा पाव. या अन्नाबरोबर तेथील लोक शेजारच्याच मळ्यांतला द्राक्षारस घेतात. काओर गांवच्या आसपास माल्बेक जातीचा, इतका गडद कीं त्याला पूर्वीपासून ‘काळा’ म्हणत आले आहेत. आणि मादिराँच्या बाजूला ताना जातीचा, त्याहूनही तुरट. १९५६ च्या फेब्रुवारींतील कडाक्याच्या थंडीनें काओरच्या बहुतेक वेली मारल्या होत्या. शेतकऱ्यांनीं त्या पुन्हां लावल्या, आणि १९७१ सालीं त्या द्राक्षारसाला त्याच्या उगमस्थानाच्या नांवाचा सरकारी मान मिळाला. आपल्याकडे ज्वारी-बाजरीविषयीं जी आपुलकी शेतकऱ्याच्या मनांत असते, तीच तेथें या वेलींविषयीं असते.

त्या घरांतील म्हाताऱ्याची एक रीत भाच्यानें मला सांगितली. ती त्या प्रांतांत जुनी आहे. सूप संपत आलें म्हणजे वाडग्याच्या तळाशीं उरलेल्या ऊन ऊन घोटांत थोडा तांबडा द्राक्षारस ओतावयाचा, वाडगा हलवून तो धुवून काढावयाचा आणि दोन्ही हातांनीं उचलून ओठाला लावावयाचा. याला तेथें ‘शाब्रो’ करणें म्हणतात. आपल्याकडे ताटांतील शेवटच्या भातावर ताक घेऊन ताट स्वच्छ करणारा माणूस आणि हा म्हातारा यांच्यांत मला फारसा भेद दिसला नाहीं. अन्नाचा कणही वायां जाऊं नये, ही एकच बुद्धि दोघांच्याही ठायीं आहे.

असा तुरट रस अन्नाबरोबरच कां रुचतो, यालाही कारण आहे. तांबडा द्राक्षारस करतांना रसाबरोबर द्राक्षांच्या सालीही आंबूं देतात, आणि साली व बिया यांतील तुरट द्रव्यें त्यांत उतरतात. हीं द्रव्यें लाळेंतील प्रथिनांना बांधून टाकतात; त्यामुळें तोंड कोरडें पडल्यासारखें होतें. अन्नांत स्निग्धपणा व प्रथिनें असलीं म्हणजे हा कोरडेपणा सौम्य होतो, आणि उलट त्या तुरटपणानें तोंडावरचा स्निग्ध थर निघून पुढच्या घासाला पुन्हां चव येते. आयुर्वेदानें सांगितलेल्या सहा रसांत कषाय हा एक रस आहे. आपल्या ताटांत तो क्वचितच असतो. आपण तो जेवणानंतर कात-सुपारीच्या रूपानें घेतों. या लोकांनीं तो जेवणाच्या आंत आणून बसविला, एवढाच फरक. आमच्या लसणीच्या चटणीशीं मात्र त्याचें जमलें नाहीं. मद्यानें तिखटाची आग वाढते. भाच्यानें दुसऱ्याच घोटाला चटणी बाजूला सारली.

आतां मुख्य मुद्याकडे येऊं. वर वर्णिलेल्या व्यवस्थेंत पिणाऱ्याच्या मनोनिग्रहावर फारच थोडा भार पडतो, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. पेला ताट वाढल्यावर भरतो आणि ताटें उचललीं कीं उठतो. प्रत्येक घोटानंतर घास घ्यावा लागतो. समोर घरांतलीं वडील माणसें व मुलें असतात. जिनें स्वयंपाक केला ती असते, आणि तिच्या अन्नाची चव कळेनाशी होईल इतकें पिणें हा तिचाच अपमान होतो. उरलेल्या बाटलीला बूच लावून ती उद्यांच्या जेवणासाठीं फळीवर जाते. संयम हा एकट्यानें आपल्या मनाशीं झुंजून मिळवावयाचा विजय आहे, असें आपण समजतों. पण आपल्याच पंगतीचा नियम आठवा. सर्वांना वाढून होईपर्यंत कोणी घास घेत नाहीं, आणि सर्वांचें झाल्यावांचून कोणी उठत नाहीं. तेथें बसलेला प्रत्येक जण कांहीं जितेंद्रिय नसतो. पंगतच त्याच्या वतीनें संयम पाळते. सामान्य मनुष्याचें शील बव्हंशीं अशाच उसन्या आधारावर उभें असतें, आणि त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं.

‘एक पेला’ म्हटलें कीं मराठी माणसाला राम गणेश गडकरी यांचें १९१९ सालीं रंगभूमीवर आलेलें ‘एकच प्याला’ हें नाटक आठवल्याशिवाय राहत नाहीं. त्या नाटकाचा धाक अजून ओसरलेला नाहीं, आणि तो ओसरूं नये असेंच मला वाटतें. परंतु सुधाकराच्या हातांत तो पहिला पेला कसा आला, हें पाहण्यासारखें आहे. तो भुकेबरोबर आला नाहीं, अपमानाबरोबर आला. तळीरामानें तो दुःखाचा विसर पडावा म्हणून पुढें केला. आणि पुढें ज्या मंडळांत सुधाकर रमला, तेथें पिण्याला आरंभ होता, पण शेवट करील असें कांहींच नव्हतें. ताट नव्हतें, सिंधू नव्हती, उद्यां नव्हता. विसर पडावा म्हणून घेतलेला पेला आणि चव कळावी म्हणून घेतलेला पेला यांत द्रव्य एकच असलें, तरी क्रिया दोन आहेत.

येथवर भाच्याचा पक्ष मला पटला होता. पण ज्या देशाचा त्यानें दाखला दिला, त्या देशाचीच साक्ष पुढें ऐकिली पाहिजे. त्या पंगतीवर फ्रान्सनें स्वतः पूर्ण विश्वास ठेवलेला नाहीं. शाळेच्या भोजनगृहांत चौदा वर्षांखालील मुलांना मद्य देऊं नये, असा नियम तेथें १९५६ सालीं करावा लागला. म्हणजे तोंवर तें दिलें जात होतें! १९६० च्या सुमारास तेथें दरडोई वर्षाला शंभर लिटरांहून अधिक द्राक्षारस खपत असे. आज तो त्याच्या निम्म्याहूनही कमी झाला आहे. रोजचा पेला हा जर निर्मळ सद्गुण असता, तर त्यांनीं तो इतका कां सोडला असता? दुसरी गोष्ट याहून बोचणारी आहे. रोलां बार्थ या लेखकानें १९५७ सालच्या आपल्या पुस्तकांत द्राक्षारस हें फ्रेंच राष्ट्राचें जणूं कुलदैवत कसें बनलें आहे, तें उलगडून दाखविलें, आणि त्याबरोबरच वाचकांना अल्जीरियाची आठवण करून दिली. फ्रेंच राजवटीखालीं तेथील भूमीवर द्राक्षांचे मळे लावले गेले. ज्या मुसलमान लोकांची ती भूमि, त्यांना त्या पिकाचा कांहीं उपयोग नव्हता, आणि भाकरीची मात्र ददात होती. ताटाजवळचा पेला कितीही घरगुती दिसला, तरी तो कोणाच्या शेतांतून आला, हें विचारण्यापासून सुटका नाहीं.

तिसरा आक्षेप प्रकृतीचा. १९९१ सालीं अमेरिकन दूरचित्रवाणीवरून अशी वार्ता पसरली कीं फ्रेंच लोक स्निग्ध पदार्थ भरपूर खाऊनही हृदयरोगापासून बचावतात, तो या तांबड्या रसाचा प्रताप असावा. पिणाऱ्यांना शास्त्राधार मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ च्या जानेवारींत स्पष्ट केलें कीं प्रकृतीला बाधक नाहीं असें मद्याचें कोणतेंही प्रमाण सांगतां येत नाहीं. मद्याची गणना तर १९८८ पासूनच कर्करोगकारक पदार्थांत झालेली आहे. आपल्या महाराष्ट्राची गंमत याहून निराळी. येथें १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून आहे, आणि त्याखालीं पिणाऱ्याला जो परवाना मिळतो, तो प्रकृतीच्या रक्षणासाठीं म्हणून मिळतो! म्हणजे एकीकडे शास्त्र ज्याला अपाय म्हणतें, त्याला दुसरीकडे कायदा औषध म्हणतो. यावर सोवळेपणानें हंसण्याचाही आपल्याला अधिकार नाहीं. कारण जेवणानंतर ज्या सुपारीला आपण सहज हात घालतों, तीही २००४ सालीं त्याच काळ्या यादींत गेली आहे.

मला वाटतें, हा आधार गेला तें एका परीनें बरेंच झालें. सुखाला औषधाचा वेष देणें ही एक प्रकारची लबाडी आहे. आतां भाच्याला प्रामाणिकपणें एवढेंच म्हणतां येईल कीं, “हें मला आवडतें, थोडा अपाय पत्करून मी घेतों.” हें उत्तर लहान असलें तरी खरें आहे. आणि त्यांत एक गोष्ट मला आदरणीयही वाटली. बाटली त्यानें मेजवानीसाठीं राखून ठेवली नव्हती. बुधवारच्या मसुराच्या आमटीला ती आणली होती. चांगली वस्तु सणासाठीं आणि पाहुण्यासाठीं, रोजच्या माणसांसाठीं मात्र कसेंतरी, ही आपली रीत आहे. पेल्यामुळें तो सावकाश जेवला, आणि आमटी कोणी केली, तींत काय घातलें, हें त्या घरांत कित्येक वर्षांत प्रथमच कोणी विचारलें. हें करावयाला द्राक्षारसच लागतो असें नाहीं, हें खरें. पण आम्ही त्यावांचूनही तें करीत नव्हतों, हेंही तितकेंच खरें.

मग अनीति कोठें? याचें उत्तर देण्यास मावशीविषयीं लिहिणें प्राप्त आहे. तिचा नवरा रोज जेवणाआधीं ‘एकच’ म्हणून घेत असे. तो घराबाहेर घेई. मावशी दोघांचीं ताटें वाढून, वर ताटें झांकून बसे. आमटी निवे, भाकरी वाकडी होई, आणि पुष्कळदां तीं झांकलेलीं ताटें सकाळीं तशींच उचललीं जात. हें एकोणीस वर्षें चाललें. त्या बुधवारीं भाच्यानें एकच पेला घेतला, मर्यादेनें घेतला, आणि त्याच्या वागण्यांत किंवा बोलण्यांत बोट ठेवावें असें कांहीं नव्हतें. पण जेवण संपेपर्यंत मावशीची नजर बाटलीवरून हलली नाहीं, आणि तिच्या पानांत अर्धी भाकरी तशीच राहिली.

त्या अर्ध्या भाकरीला माझ्या वरच्या कोणत्याही युक्तिवादांत उत्तर नाहीं. पंगत माणसाचा संयम राखते असें मी म्हटलें. तर त्या पंगतींत बसलेल्या दुबळ्यांतल्या दुबळ्या माणसाचा घास घशाखालीं उतरतो कीं नाहीं, हीच त्या संयमाची कसोटी धरली पाहिजे. माप पिणाऱ्यानें स्वतःच ठरवावयाचें असेल, तर तें उत्तम असूनही अपुरें आहे. कारण चुकलेल्या मापाची किंमत तो एकटा देत नाहीं. भाच्याला मी हेंच सांगितलें. तो उगी राहिला. नंतर उठून मावशीजवळ गेला आणि म्हणाला, “आजी, तुम्हांला नको असेल तर मी पुन्हां आणणार नाहीं.”

मावशी बराच वेळ बोलली नाहीं. मग तिनें हात पुढें केला.

“आण हो,” ती म्हणाली. “पण बूच माझ्याजवळ दे. मी लावीन.”