कूर्मदासाचा निरोप

सज्जनहो, गांधीबागेच्या कापडबाजारात आपण लुगडे-धोतर घेतो. त्या कापडात एक धागा उभा, एक आडवा. देहाचेही तसेच आहे. एक धागा आईकडून येतो, एक बापाकडून. आपल्या विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला सिकलसेल आजार असाच येतो. दोन्हीकडून बिघडलेला धागा आला म्हणजे आजार होतो; एकीकडूनच आला तर माणूस केवळ वाहक, बहुधा धडधाकट. आईबाप दोघेही वाहक असले तर दर खेपेला चारांत एक संभव. आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे ठणकू लागतात.

आता 14-15 वर्षांच्या लेकराचे मन पाहा. डोळे पिवळट, उंची मागे राहिलेली, शाळा वरचेवर बुडते. सोबती हसतात. घरातले कोणी म्हणते, “मागल्या जन्मीचे पाप!” दुखणे एक वेळ सोसवते हो, हा बोल सोसवत नाही. मग पोर दुखणे लपवते, गोळी टाळते, मनात कुढते.

पाप कशाचे, श्रोतेहो? पैठणच्या कूर्मदासाला जन्मतःच हातपाय नव्हते. तरी तो लोळत पंढरीस निघाला. लऊळास आला आणि पुढे सरवेना. तेव्हा त्याने वारकऱ्यांबरोबर देवाला निरोप धाडला. मला येववत नाही, हे सांगायला तो लाजला नाही. आणि परंपरा सांगते की, विठ्ठलच लऊळास धावत आला. ‘आधी हातपाय आण, मग भेटतो,’ असे काही देव म्हणाला नाही!

मुलांनो, तुम्हीही निरोप धाडा. एका गुरुजींना, एका मित्राला आजार सांगून ठेवा. पाणी भरपूर प्या, थंडी व अतिश्रम टाळा, ताप आला की दवाखाना गाठा. डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया दिली असेल तर चुकवू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराची नोंद आहे. हक्काची सवलत मागणे म्हणजे भीक नव्हे.

आईबापांनो, सुनेला बोल लावू नका. धागा दोन्हीकडचा आहे. लेकराला ऊठसूट ‘बिचारा’ म्हणू नका. झेपेल ते काम सांगा, गोळ्यांचा हिशेब त्यालाच ठेवू द्या.

दिंडीत पाय थकला तर वारकरी घटकाभर गाडीत बसतो. म्हणून त्याच्या गळ्यातली माळ कोणी उतरवीत नाही. मुक्कामाला तोही टाळ घेऊन उभा राहतो, आणि सगळे त्याला माउलीच म्हणतात.

रामकृष्णहरि!