नकाशा आणि सभा

शहराचा उद्या कोणी ठरवावा, हा प्रश्न वरकरणी अभियंत्यांचा व अधिकाऱ्यांचा वाटतो. आमच्या मते तो मुळात नीतीचा प्रश्न आहे. ज्याच्या जगण्यावर निर्णयाचा भार पडणार, त्यालाच निर्णयात वाटा नसेल, तर नकाशा कितीही सुबक असो, त्यात अन्यायाची एक रेघ राहूनच जाते.

मुंबईसारख्या महानगराचा विचार करताना आम्हाला गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा आठवते, ते याच कारणाने. बाबा आमटे यांनी १९७३ साली तेथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंड बांधवांची सेवा आरंभली. पुढे त्या परिसरात इचमपल्ली व भोपालपट्टणम येथे मोठी धरणे बांधण्याचे घाटू लागले. वीज जायची ती दूरच्या शहरांना व कारखान्यांना. पाण्याखाली जायची ती आदिवासींची गावे आणि जंगले. ऐंशीच्या दशकात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे त्यात अग्रभागी होते. ती धरणे झाली नाहीत.

त्याच आंदोलनाने धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे छोटे गाव जागे केले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. परंतु घोषणेवर ते थांबले नाहीत. त्यांनी अभ्यासगट चालवले आणि ग्रामसभेत बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची शिस्त लावून घेतली. वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क गावाच्या हाती आला. कायदा आला तेव्हा तो पेलणारी सभा तेथे तयार होती.

शहरांत नेमके उलटे घडले. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. तीन लाखांवरील शहरांना प्रभाग समित्या, दहा लाखांवरील महानगरांना निदान दोनतृतीयांश सभासद निवडून आलेले असतील अशी नियोजन समिती, अशी तरतूद झाली. कायदा आला, सभा मात्र जमली नाही. मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा २०१५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात इतक्या चुका निघाल्या की तो नव्याने करावा लागला. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होते.

कोणी म्हणेल, सव्वा कोटींचे शहर झाडाखाली बसू शकत नाही. खरे आहे. सांडपाणी, रेल्वे, पाणीपुरवठा यांना एकच व्यापक दृष्टी हवी. शिवाय ‘आमच्या गल्लीत नको’ एवढेच म्हणणारी सभाही न्यायी नसते. तिने नाकारलेला कचरा दुसऱ्या कोणाच्या दारात जाऊन पडतो. पोप अकरावे पायस यांनी १९३१ सालच्या आपल्या परिपत्रकात या पेचाला एक सूत्र दिले आहे. धाकट्या समूहाला जे करता येते, ते थोरल्याने हिरावून घेऊ नये. आणि जे धाकट्याच्या आवाक्याबाहेर आहे, त्यात थोरल्याने साहाय्य करावे. मोहल्ल्याचे मैदान मोहल्ल्याने ठरवावे, महानगराच्या नद्या महानगराने सांभाळाव्यात.

या सूत्राला आम्ही एक पुस्ती जोडू इच्छितो. शहराचा नकाशा शहराच्या वेशीवर संपत नाही. आपल्या इमारतींचे लोखंड कोणत्या तरी डोंगरातून येते, आपली वीज कोणाच्या तरी शिवारातून येते. हेमलकशाच्या शेजारच्या एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचा डोंगर आज खणला जात आहे. शहराच्या सभेत त्या माणसांसाठीही एक रिकामी जागा राखून ठेवली पाहिजे.

आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी कायदा मोजकेच दिवस देतो. त्या दिवसांत अभ्यास होत नाही, केवळ संताप होतो. अभ्यास आधी व्हावा लागतो. आपल्या प्रभागाचा नकाशा आपल्यापैकी किती घरांनी पाहिला आहे? मेंढ्याचे गावकरी कायद्याची वाट पाहत बसले नाहीत. आपल्याकडे तर कायदा येऊन तीस वर्षे उलटली आहेत.