व्यसनाधीनाचा नेम

वसईच्या किल्ल्यालगत, खाडी समुद्रास मिळते त्या टोकाला पाचूबंदर ही कोळ्यांची जुनी वस्ती आहे. तेथील कामाची वेळ घड्याळ ठरवीत नाही, भरती-ओहोटी ठरविते. डोलीचे जाळे प्रवाहाच्या तोंडी लावावयाचे व पाणी फिरण्याच्या सुमारास उचलावयाचे. मग ती मध्यरात्र असो की पहाट. ओले अंग, बोचरा वारा, तुटलेली झोप. ‘थंडीला घोटभर’ हे समर्थन अशा कोणत्याही बंदरावर ऐकू येते व ऐकणाऱ्यास पटतेही.

परंतु ते खोटे आहे. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग तापल्याचा भास होतो आणि प्रत्यक्षात देहातील उष्णता त्याच वाटेने निघून जाते. थंडावणारा देह स्वतःस उबदार मानतो! अन्यथाज्ञानास याहून उघड दृष्टान्त मिळणे कठीण.

येथे विचारवंतापुढे प्रश्न उभा राहतो. कर्माचा भोग कर्त्यास, हे खरे. पण कर्ता स्वाधीन असावा लागतो. पहिला पेला मनुष्य स्वतः उचलतो. शंभरावा कोण उचलतो? मद्यपी सर्वस्वी पराधीन म्हणावा, तर त्याच्या सुटकेची वाटच खुंटते. पूर्ण स्वतंत्र म्हणावा, तर तसे म्हणणाऱ्याने सकाळी त्याचे थरथरणारे हात पाहिलेले नसतात.

विकणाऱ्याच्या दोषाविषयी मात्र असा वाद नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉल होते. देहात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते. ते दृष्टी नेते व प्राणही नेते. पिणाऱ्यास चवीवरून त्याची पारख होत नाही. (परवान्यावाचून मद्य पिणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने या राज्यात आजही गुन्हा आहे, हे किती पिणाऱ्यांस ठाऊक असेल?)

आता नेमाचा विषय. मद्यपी वासनिक महंतांपुढे येतो, दंडवत घालतो, दारू सोडल्याचा नेम घेतो. मागे उभी असलेली पत्नी डोळे पुसते. पण वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली, की कंप सुटतो, घाम फुटतो, झोप उडते. काहींना झटके येतात. दोन-तीन दिवसांत काहींना भ्रम होऊन नसलेल्या आकृती दिसू लागतात. उपचार न झाल्यास मृत्यूही ओढवतो. अशा रात्री त्याने पुन्हा बाटली उचलली, तर लोक म्हणतात, श्रद्धा खोटी होती. श्रद्धा खोटी नसेलही. देह सोसेनासा झालेला असतो.

शंभरावा पेला नाकारण्याइतके स्वातंत्र्य त्याच्यापाशी उरले नसेल, पण मठाच्या दारापर्यंत चालत येण्याइतके होते. तेवढ्यावर नेमाचा सारा भार टाकून त्यास घरी धाडणे हा त्याच्यावर अन्याय होय. नेम देणाऱ्याने त्याच दिवशी त्यास डॉक्टरांकडे पोहोचवावे. पुण्यात अनिल व सुनंदा अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणासारख्या केंद्रात औषधोपचार होतो, आणि व्यसन सुटलेल्यांची संगतही लाभते. नेम तेथून परतल्यावरही घेता येतो.

पावसाळ्यात १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी शासन बंद ठेवते. नाखवा व खलाशी किनाऱ्यावर रिकामे असतात. पिण्यास सवड मिळते ती याच दिवसांत, आणि उपचारासाठी घर सोडून राहावयाचे तर तेही याच दिवसांत जमते.