अपुरा वेळ की गाफील मन?

'वेळच मिळत नाही' ही तक्रार आज घराघरांत ऐकू येते. कुरआनचे पठण राहिले, कारण वेळ नाही. आजारी नातेवाइकाची विचारपूस राहिली, मुलांना जवळ बसवून दीनच्या चार गोष्टी सांगायच्या राहिल्या, कारण तेच. वास्तविक अल्लाहने दिवसाचे चोवीस तास सर्वांना सारखेच दिले आहेत. मग उणीव कोठे आहे?

पहाटे पाचची गाडी पकडावयाची असेल, तर हाच मनुष्य रात्रीच सामान बांधतो आणि चारला उठतो. म्हणजे नियोजन त्याला जमते. ज्या गोष्टीचे मोल अंतःकरणात आहे, तिच्यासाठी वेळ निघतो. म्हणून या रोगाचे मूळ अंतःकरणातच शोधले पाहिजे.

पहिले कारण गफलत. वेळ आपल्या मालकीचा नसून अल्लाहची अमानत आहे, याचा आपणांस विसर पडतो. आरोग्य आणि फुरसत या दोन देणग्यांच्या बाबतीत पुष्कळ लोक तोट्यात राहतात, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बजावले आहे (सहीह बुखारी). कयामतच्या दिवशी आयुष्य कशात घालवले हे विचारले जाईल, हेही त्यांनीच सांगितले. पैशापैशाचा हिशेब ठेवणारे आपण तासांचा हिशेब कधी ठेवतो?

दुसरे कारण लांबलचक आशा. तौबा उद्या करू, कर्ज उद्या फेडू, रुसलेल्या भावाकडे पुढच्या ईदला जाऊ. सूरह अल्-मुनाफिकूनमध्ये मृत्यूसमयी थोडीशी सवलत मागणाऱ्या माणसाचे वर्णन आहे. त्याला दानधर्म करावयाचा असतो, सदाचारी व्हावयाचे असते. परंतु घटका भरल्यावर कोणालाही मुदत मिळत नाही.

तिसरे कारण सबरचा अभाव. कठीण कर्तव्य समोर येताच मन सोप्या गोष्टीकडे पळते. मोबाईल हे त्या पळणाऱ्या मनाचे केवळ आश्रयस्थान आहे. सूरह अल्-अस्र अवघ्या तीन आयतींची आहे. काळाची शपथ घेऊन ती मनुष्य तोट्यात असल्याचे सांगते आणि त्यातून वाचणाऱ्यांचे गुण मोजते: ईमान, सत्कर्म, एकमेकांना सत्याची ताकीद आणि एकमेकांना सबरची ताकीद. काळाच्या या सूरहचा शेवट सबरवर व्हावा, यात आपल्यासाठी मोठा बोध आहे.

उपायही अल्लाहनेच दिला आहे. नमाज ठरावीक वेळी फर्ज केली गेली आहे (सूरह अन्-निसा). आपण मात्र कामांतून उरलेल्या फटीत नमाज बसवतो. हा क्रम उलटा करा. पाच नमाजा आधी निश्चित करा आणि इतर कामे त्यांच्याभोवती मांडा. प्रेषित (स.) यांना इशाच्या नमाजीनंतर गप्पा मारीत बसणे आवडत नसे. आपल्या घरातही इशानंतर मोबाईल बाजूला ठेवले, तर फजरसाठी उठणे सोपे होईल. हे एकट्याने करू नका. पतीने पत्नीला, आईने मुलांना आणि मुलांनी वडिलांनाही प्रेमाने आठवण द्यावी; परस्परांना ताकीद करणे ते हेच.

आणि ज्या सत्कार्याला आपण बरेच दिवस 'उद्या' म्हणत आला आहात, ते आजच मगरिबपूर्वी सुरू करा.

अल्लाह आपल्या वेळेत बरकत देवो आणि मुदत संपण्यापूर्वी तिची कदर करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.