वेगळ्या इमारतीची सवलत
वंशभेद आणि दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्च

1829 मध्ये केप वसाहतीतील डच रिफॉर्म्ड चर्चच्या धर्मसभेपुढे एक प्रश्न आला. बाप्तिस्मा घेतलेल्या श्वेतेतर माणसाला प्रभुभोजन गोऱ्या सभासदांबरोबर द्यायचे की वेगळे? सभेने दिलेल्या उत्तरात संदिग्धता नव्हती. रंग किंवा कूळ न पाहता सर्वांना एकत्रच द्यायचे, कारण हे तत्त्व देवाच्या वचनावरच उभे आहे, असे सभेने ठरवले. अठ्ठावीस वर्षांनी, 1857 मध्ये, हाच विषय पुन्हा निघाला. या वेळीही सभेने मूळ तत्त्व नाकारले नाही. नव्या ख्रिस्ती लोकांना चालू मंडळीतच सामावून घेणे इष्ट आणि शास्त्राला धरून आहे, हे तिने मान्य केले. मात्र काही जणांच्या दुर्बलतेमुळे धर्मकार्यात अडथळा येत असेल, तर या नव्या ख्रिस्ती लोकांची उपासना वेगळ्या इमारतीत व्हावी, अशी सवलत तिने जोडून दिली. हे दुर्बल म्हणजे गोरे सभासद. शेजारी बसणे त्यांना सोसवत नव्हते, आणि बाहेर जायचे होते ते दुसऱ्यांनी. 1881 मध्ये मिश्रवंशीय ख्रिस्ती लोकांसाठी स्वतंत्र मिशन चर्च स्थापन झाले आणि सवलतीचा नियम झाला.

या दोन सभांच्या मधल्या काळात केपमधील गुलामगिरी संपली होती. मुक्तीचा कायदा 1834 मध्ये लागू झाला, सक्तीच्या उमेदवारीतून प्रत्यक्ष सुटका 1838 मध्ये झाली. मालकाच्या मागे उभा राहणारा गुलाम आणि त्याच बाकावर हक्काने बसणारा स्वतंत्र माणूस यांच्याकडे पाहण्याची नजर एक नसते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमर यांनी 1958 मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. वांशिक पूर्वग्रहाचे मूळ एकेकट्या माणसाच्या भावनेत शोधू नये; आपला गट वरचा आहे आणि ती जागा हातची जाते आहे, या सामूहिक जाणिवेत ते असते, असे त्यांचे म्हणणे होते. गुलाम असेपर्यंत जागा ठरलेली होती. ती ठरलेली उरली नाही, तेव्हा भिंतीची गरज पडली.

पूर्वग्रह ही मनाची धारणा आणि भेदभाव ही कृती, हा फरक समाजशास्त्रात पक्का केला जातो. दोन्ही नेहमी जोडीने येतात असे नाही. रॉबर्ट मर्टन यांनी 1949 मध्ये दाखवले की मनात द्वेष नसलेली माणसेही भेदभाव करतात, कारण भोवतीच्यांची नाराजी ओढवून घेणे त्यांना परवडत नाही. 1857 च्या सभेतील अनेक पाळक बहुधा याच वर्गातले होते. पूर्वग्रह आधी आणि भेदभाव नंतर, हा नेहमी गृहीत धरला जाणारा क्रम केपमध्ये उलटा दिसतो. आधी सोय झाली, सोयीची व्यवस्था झाली, आणि व्यवस्थेत वाढलेल्या पुढच्या पिढ्यांना ती निसर्गासारखी वाटू लागली. समर्थन मागून आले.

ते समर्थन धर्मशास्त्राने पुरवले, आणि या इतिहासातला सर्वांत गंभीर भाग हाच आहे. विसाव्या शतकातील आफ्रिकानर, म्हणजे तिथल्या डच वंशाच्या गोऱ्या, धर्मपंडितांनी उत्पत्तीच्या पुस्तकातील बाबेलच्या बुरुजाची कथा पुढे केली. देवाने भाषा वेगळ्या केल्या, म्हणून राष्ट्रे वेगळी राहावीत हीच त्याची इच्छा, असा अर्थ त्यांनी लावला. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायातील एका वचनाचा तर दोन्ही बाजूंनी आधार घेतला गेला. सगळी मानवजात एकापासून निर्माण झाली, असे त्या वचनाचा पूर्वार्ध सांगतो, तर उत्तरार्धात राष्ट्रांच्या वस्तीच्या सीमा ठरवून दिल्याचा उल्लेख आहे. विरोधक पूर्वार्धावर बोट ठेवत, समर्थक उत्तरार्धावर. आत्म्याने सगळे समान, देहाने मात्र आपापल्या जागी, ही समर्थकांची मांडणी होती. तिची खरी ताकद अशी की ती मानणाऱ्याला स्वतःला द्वेष्टा समजावे लागत नाही. समता तो मनापासून कबूल करतो, फक्त जिथे तिची किंमत मोजावी लागणार नाही अशा ठिकाणी ती ठेवतो.

ही युक्ती एका देशाची किंवा एका धर्माची नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात सगळे वारकरी एक होते, तरी चोखामेळ्याची समाधी पंढरपूरच्या मंदिराच्या पायरीशी राहिली, आणि मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. गोव्यातील चर्चांमध्ये कोन्फ्रारी नावाच्या बंधुसंघांचे सभासदत्व दीर्घकाळ जातीनुसार वाटलेले होते. जात आणि वंश एकच नव्हेत, पण भक्तीत दिलेली समता व्यवहारात परत घेण्याची रीत दोन्हीकडे सारखी आहे.

दक्षिण आफ्रिकेत 1948 मध्ये आफ्रिकानरांची नॅशनल पार्टी सत्तेवर आली. तिचे पंतप्रधान डी. एफ. मलान हे पूर्वी डच रिफॉर्म्ड चर्चचेच पाळक होते. 1949 मध्ये मिश्र विवाहांवर बंदी आली आणि 1950 मध्ये प्रत्येकाच्या वंशाची नोंद करणारा व वस्त्या वेगळ्या करणारा असे दोन कायदे झाले. नोंदणीच्या कायद्यात गोरा कोण, हे दिसणे आणि समाजात मान्य असणे यांवर ठरत होते. वंश ही रक्तातली अटळ वस्तू आहे असे सांगणाऱ्या राजवटीला प्रत्यक्ष कायदा लिहिताना शेजाऱ्यांच्या मताचा आधार घ्यावा लागला.

मार्च 1960 मध्ये शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात 69 माणसे मारली गेली. त्यानंतर डिसेंबरात जोहान्सबर्गच्या कॉटस्लो भागात चर्चांची बैठक भरली. ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या कोणालाही रंगावरून कोणत्याही चर्चबाहेर ठेवता येणार नाही, या निष्कर्षाला डच रिफॉर्म्ड चर्चच्या केप आणि ट्रान्सवाल येथील प्रतिनिधींनीही संमती दिली. पंतप्रधान हेंड्रिक फेरवूर्ड संतापले आणि धर्मसभांनी आपल्याच प्रतिनिधींचे म्हणणे झिडकारले. फेरवूर्ड हे राजकारणापूर्वी स्टेलनबॉश विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. समाजाचे ज्ञान आपोआप न्यायाकडे नेत नाही, याचे इतके बोचरे उदाहरण क्वचित सापडेल. त्या प्रतिनिधींपैकी बायर्स नॉडे मात्र मागे हटले नाहीत. 1963 मध्ये त्यांनी आपले व्यासपीठ सोडले, 1977 मध्ये सरकारने त्यांच्यावर निर्बंध लादले.

एकाच चर्चमधून मलानही आले आणि नॉडेही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 च्या आपल्या ग्रंथात धर्माच्या या दुहेरी भूमिकेवर बोट ठेवले होते : धर्म पूर्वग्रह घडवतो आणि मोडतोही. पुढे 1967 मध्ये त्यांनी व मायकेल रॉस यांनी अभ्यासातून दाखवले की प्रतिष्ठा आणि सुरक्षिततेसाठी धर्म वापरणाऱ्यांत पूर्वग्रह अधिक आढळतो, धर्म हेच जगण्याचे कारण मानणाऱ्यांत कमी. हे वर्गीकरण उपयुक्त असले तरी अपुरे आहे. वेगळ्या चर्चचे अनेक समर्थक ढोंगी नव्हते. ते प्रामाणिक, प्रार्थनाशील लोक होते. त्यांची श्रद्धा खोटी ठरवून प्रश्न सुटत नाही. तपासायला हवे ते त्या श्रद्धेतले तत्त्व.

हे काम वेगळ्या काढलेल्या चर्चनेच केले. 1982 मध्ये ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक संघाने वंशभेदाचे धर्मशास्त्रीय समर्थन हे पाखंड ठरवले आणि मिशन चर्चचे अॅलन बूसाक यांना अध्यक्ष निवडले. पाप आणि पाखंड यांतला फरक इथे निर्णायक आहे. पापी माणसाला तत्त्व ठाऊक असते, तो ते मोडतो. पाखंडात तत्त्वच बिघडलेले असते, म्हणून पश्चात्तापाला जागा उरत नाही. त्याच वर्षी मिशन चर्चने केप टाउनजवळच्या बेलहार येथे विश्वासांगीकाराचा मसुदा तयार केला आणि 1986 मध्ये तो स्वीकारला. चर्चची एकता डोळ्यांना दिसली पाहिजे, केवळ आत्म्यात असून भागत नाही, आणि देव अन्याय सोसणाऱ्यांच्या बाजूने उभा असतो, ही त्याची मुख्य विधाने. 1857 ची सवलत मुळापासून नाकारण्यासाठी पहिले विधान पुरेसे होते.

डच रिफॉर्म्ड चर्चने 1986 मध्ये सभासदत्व सर्वांना खुले केले. 1990 मध्ये रस्टेनबर्गच्या परिषदेत धर्मशास्त्रज्ञ विली योंकर यांनी अपराधाची जाहीर कबुली दिली. 1994 मध्ये मिश्रवंशीयांचे मिशन चर्च आणि कृष्णवर्णीयांचे वेगळे चर्च एकत्र येऊन युनायटिंग रिफॉर्म्ड चर्च झाले. त्याच्याशी गोऱ्या चर्चचे एकत्रीकरण मात्र बेलहारच्या विश्वासांगीकाराच्या स्वीकारापाशी अडत राहिले. वस्त्या वेगळ्या करणारा कायदा 1991 मध्ये रद्द झाला, पण मंडळी वस्तीप्रमाणे भरते आणि वस्त्या पुष्कळशा त्या कायद्याने आखल्या तशाच आहेत. त्यामुळे कोणीही कोणाला अडवत नसताना, रविवारच्या उपासनेला बहुतेक लोक अजूनही आपापल्या इमारतीत जातात.