दुसऱ्याचं मूल, आपलं मूल

॥ श्री ॥



मागच्या गुरुवारी उपासना आटोपली, प्रसाद वाटून झाला आणि मी जिन्यात चपला शोधत होते. तेवढ्यात एका काकूंनी गाठलं. म्हणाल्या, "तू अकरावी-बारावीच्या पोरांना दिवसभर शाळेत गणित शिकवतेस, संध्याकाळी परत घरी बॅच. तुझी लेकरं अजून एवढी एवढीशी. त्यांच्या वाट्याला तू किती येतेस गं?" विचारलं प्रेमानेच. मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न घरापर्यंत सोबत आला. या वेळी ग्रुपवर लिहायची पाळी माझीच आहे, म्हणून त्यावरच लिहिते.

"वाट्याला" हा शब्द भागाकाराचा आहे. दिवस 24 तासांचा, मुलगा सहा वर्षांचा, मुलगी तीन वर्षांची, शाळेतली मुलं साठ आणि घरची बॅच बारा जणांची. असा हिशेब मांडला की आई गुन्हेगार ठरणारच. मी बरीच वर्षं तसाच मांडत आले.

दुसऱ्या दिवशी काकूंनीच मला मंगला नारळीकरांवरचा एक फॉरवर्ड पाठवला. मंगलाताईंचं नाव आपल्यापैकी अनेकांना डॉ. जयंत नारळीकरांच्या पत्नी म्हणून माहीत असतं. पण 1964 मध्ये मुंबई विद्यापीठातून गणितात एम. ए. करताना त्या पहिल्या आल्या होत्या, सुवर्णपदक मिळवलं होतं. लग्नानंतर केंब्रिजला गेल्या, तिथे शिकवलं. परत आल्यावर मुंबईत संसार, तीन मुली, आणि जमेल तसं गणित. पीएच. डी. झाली 1981 मध्ये, लग्नाला 16 वर्षं झाल्यावर. घरच्या जबाबदाऱ्या आधी ठेवल्या हे त्यांनी स्वतः मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. 17 जुलै 2023 ला त्या गेल्या.

फॉरवर्डच्या शेवटी "याला म्हणतात त्याग" असं होतं आणि खाली हात जोडलेले. मला ते पटलं नाही, क्षमा असावी. 16 वर्षांत जे गणित व्हायचं राहिलं त्याचा हिशेब कुणी केला नाही, म्हणून तो त्याग झाला का? आणि ज्या बाईला थांबणं परवडत नाही, जिच्या पगारावर घर चालतं, तिने हा फॉरवर्ड वाचून काय करायचं? मंगलाताईंची एक दुसरी गोष्ट मला जास्त उपयोगी पडली. ती पुढे सांगते. आधी माझ्या घरची एक संध्याकाळ सांगायला हवी.

त्या दिवशी बॅचमध्ये एका मुलाने गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह काढताना दोन्ही पदांची डेरिव्हेटिव्ह वेगवेगळी काढली आणि त्यांचा सरळ गुणाकार करून टाकला. त्याची ही पाचवी वेळ असेल. मी आवाज चढवला नाही. त्याला सांगितलं, बाळा, ज्याने हे शास्त्र उभं केलं त्या लायब्निट्झलाही 1675 च्या नोव्हेंबरात आधी असंच वाटलं होतं. मग त्याचं त्यालाच कळलं की हे बसत नाही. बेरजेत पदं वेगळी करून चालतं, मग गुणाकारात का नाही, असं वाटणं साहजिक आहे. चल, x गुणिले x घेऊन पाहू. एका x चं डेरिव्हेटिव्ह 1, दुसऱ्याचंही 1, त्यांचा गुणाकार 1. पण x वर्गाचं तर 2x येतं ना? मुलगा हसला. त्याला पटलं.

बॅच सुटली आणि मी आत गेले. माझा मुलगा वजाबाकी करत बसला होता. 52 वजा 27. उत्तर लिहिलं होतं 35. मी सांगितलं, चूक आहे, परत कर. त्याने खोडून परत 35 लिहिलं. तिसऱ्यांदा 35 आलं आणि मी ओरडले. काय ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही. "एवढंही येत नाही?" हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. तो काही बोलला नाही, खोडत राहिला, कागद फाटेपर्यंत. धाकटी घाबरून सासूबाईंच्या मागे जाऊन उभी राहिली.

परक्या मुलाला पाचव्या चुकीला लायब्निट्झ मिळाला आणि माझ्या मुलाला तिसऱ्या चुकीला शिव्या. मी दमले होते हे खरं. पण दोन प्रसंगांमध्ये दहा मिनिटांचंही अंतर नव्हतं. दहा मिनिटांत कुणी एवढं दमत नाही.

रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी वर्गात जे करते तेच केलं. त्याला जवळ घेतलं आणि विचारलं, "कसं केलंस ते सांग ना मला." तो म्हणाला, "दोनातून सात जात नाहीत. तूच म्हणाली होतीस ना, मोठ्यातून लहान काढायचं. मग सातातून दोन काढले, पाच. पाचातून दोन काढले, तीन."

मी म्हणाले होते. आठवडाभर आधी, कणीक मळता मळता, घाईत. पोराने माझं ऐकलं होतं. प्रत्येक ओळीत, अगदी इमानदारीने.

तेव्हापासून मनात एकच गोष्ट घोळते आहे. आपण शिक्षकांना नेहमी सांगतो की दुसऱ्याच्या मुलाला आपलं समजा. मला आता उलटं वाटतं. दुसऱ्याच्या मुलाची चूक मला नीट दिसते, कारण तिच्यात मी नसते. तो चुकतो तेव्हा प्रश्न असतो की याचा पाय कुठे अडला. माझा मुलगा चुकतो तेव्हा वहीत मला माझंच नाव दिसतं: गणिताच्या मॅडमचा मुलगा, आणि याला हातचा येत नाही! राग त्याच्या वजाबाकीचा नव्हताच.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना मुलंबाळं, घरदार यांत गुंतून न पडणं हेही एक लक्षण सांगितलं आहे. पारायणात हा भाग आला की आम्ही बायका एकमेकींकडे बघतो. ज्याने कधी रात्री दोनला दूध गरम केलं नाही त्याने म्हणणं सोपं आहे, असं मला मनातून वाटायचं. अनासक्ती म्हणजे कोरडेपणा, असाच मी अर्थ लावून ठेवला होता. पण त्या संध्याकाळी बॅचमधल्या मुलाशी मी कोरडी वागले होते का? उलट जी माया माझ्या पोराला मिळायला हवी होती ती त्या मुलाला मिळाली. आणि मिळाली कशामुळे, तर मी त्याच्यात गुंतले नव्हते म्हणून.

आता मंगलाताईंची ती गोष्ट. 2019 मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससोबत "वीस एक" असं वाचायला दिलं आणि केवढा गहजब झाला. मराठी बुडाली म्हणून विधानसभेतही विषय निघाला. गणित समितीच्या प्रमुख मंगलाताई होत्या. लहान मुलं संख्यांच्या नावांत, त्यातल्या जोडाक्षरांत अडखळतात, म्हणून हा पर्याय दिला आहे आणि जुनी नावंही ठेवली आहेत, हे त्या शांतपणे सांगत राहिल्या. आपल्या इंदूरच्या मुलांचं तर विचारूच नका. घरात एकोणतीस, कॉलनीत उनतीस, शाळेत ट्वेंटी नाइन. माझा मुलगा एकोणतीस ऐकून 39 लिहितो, कारण "तीस" ऐकलं की तो आधी 3 लिहून मोकळा होतो. "वीस नऊ" म्हटलं की बरोबर लिहितो. मराठीची मला काळजी आहे, कुणाहून कमी नाही. पण मंगलाताई आधी मूल कुठे अडतंय ते बघत होत्या. मोठ्या माणसांची अब्रू त्यांनी नंतर ठेवली, असं मला वाटतं.

हे सगळं लिहायला बरं वाटतं. करायला गेले तर तिसऱ्या दिवशी मुलगाच म्हणाला, "आई, तू माझ्याशी मॅमसारखं बोलू नको." मी अगदी शांत, समजूतदार, वर्गातल्या आवाजात बोलत होते. त्याला ते ओरडण्याइतकंच परकं वाटलं असणार. म्हणजे किती अंतर ठेवायचं याचं सूत्र नाही. वर्गात ते अंतर टेबलाने ठरवून दिलेलं असतं. घरात मूल मांडीवर येऊन बसतं, मग काय मोजणार?

काकू, तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर माझ्याकडे नाही. वेळ कमी पडतो, हे खरंच आहे. बॅच बंद करता येणार नाही, हेही खरं. पण पूर्वी मी स्वतःला फक्त तासांवरून दोष द्यायचे, ते आता कमी झालंय. त्या संध्याकाळी मी घरातच होते ना.

सध्या वजाबाकी सासऱ्यांकडे दिली आहे. ते काडेपेटीतल्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधून घेऊन बसतात. परवा पुढच्या खोलीत माझी बॅच चालू होती, इंटिग्रेशन बाय पार्ट्स. आतून आवाज आला, "आजोबा, दोन काड्यांतून सात कशा देऊ? एक गठ्ठा सोडावा लागेल." आजोबा म्हणाले, "मग सोड की." थोड्या वेळाने हाक आली, "आई, आलं!" मी म्हटलं, पाच मिनिटं, बाळा. बॅच संपायला चाळीस लागली. आत गेले तर तो झोपला होता. वही उघडीच होती. 52 वजा 27, उत्तर 25, शेजारी चांदणी काढलेली. त्याखाली त्याने स्वतःच एक नवं गणित घातलं होतं, 61 वजा 38. उत्तर लिहिलं होतं 37.

सकाळी पोहे करताना विचारलं, कसं केलंस ते सांग. तोंडात शेव होती. म्हणाला, "थांब, आधी खाऊ दे."

आपली एक भगिनी,
इंदूर