आधी काझिमिएश, मग आउश्वित्झ

दक्षिण पोलंडमधल्या क्राकुफ शहरात सहलीचा गट उतरला, की पुढच्या दिवसाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. सकाळी लवकर बस, आउश्वित्झची छळछावणी, परत येऊन जेवण. शहरातली जुनी ज्यू वस्ती काझिमिएश. ती उरलेल्या तासाभरात, विजेवर चालणाऱ्या उघड्या गाडीत बसून उरकली जाते. मरण बघायला अख्खा दिवस, आणि जगणं बघायला तास! हा क्रम कुणी वाईट हेतूने लावलेला नाही, तो घडत गेला. पण तो बदलायला हवा असं मला मनापासून वाटतं.

काझिमिएश हे राजा काझिमिएश याने १३३५ साली वसवलेलं स्वतंत्र गाव होतं. १४९५ मध्ये क्राकुफमधल्या ज्यूंना तिकडे हलवण्यात आलं आणि पुढची साडेचार शतकं ते तिथे नांदले. सोळाव्या शतकात इथे मोशे इसेर्लेस नावाचे धर्मपंडित होऊन गेले. योसेफ कारो यांनी रचलेल्या धर्मनियमांच्या ग्रंथात त्यांनी मध्य आणि पूर्व युरोपातल्या, म्हणजे अश्केनाझी, ज्यूंच्या रीतींची भर घातली. जगभरचे अश्केनाझी ज्यू आजही आचाराचा प्रश्न पडला की त्यांचा निर्णय पाहतात. इसेर्लेस १५७२ साली वारले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेमू सिनेगॉगच्या मागे त्यांची कबर आहे आणि तिथे अजूनही लांबून माणसं येतात.

पण वस्ती म्हणजे काही फक्त पंडितांची नसते. सारा शेनिरेर शिवणकाम करायची. धर्मनिष्ठ घरांतल्या मुलींना धर्माचं शिक्षण मिळत नाही ही गोष्ट तिला खुपत होती. १९१७ साली तिने याच शहरात मुलींची शाळा काढली आणि १९३५ मध्ये ती वारली तेव्हा तशा शेकडो शाळा उभ्या राहिल्या होत्या. मोर्देखाय गेबिर्टिग सुतार होता. दिवसा लाकूडकाम करायचं आणि यिडिश भाषेत गाणी रचायची. पूर्व युरोपभर लोक ती गात. सौंदर्यप्रसाधनांच्या व्यवसायात जगभर नाव कमावलेली हेलेना रुबिनस्टाइन इथलीच. १९३९ साली क्राकुफमध्ये साठ हजारांहून अधिक ज्यू राहत होते, म्हणजे शहरातला साधारण दर चौथा माणूस.

जर्मनांनी मार्च १९४१ मध्ये घेटो उभारला तो काझिमिएशमध्ये नव्हे, विस्तुला नदीपलीकडच्या पोदगुझे भागात. बहुतेक ज्यूंना त्याआधीच शहराबाहेर हाकललं होतं, उरलेल्यांना तिथे कोंडलं. जून १९४२ मध्ये गेबिर्टिगला तिथेच गोळी घातली. १३ आणि १४ मार्च १९४३ या दोन दिवसांत घेटो रिकामा करण्यात आला: काहींना प्वाशुफच्या छावणीत, काहींना आउश्वित्झला नेलं, अनेकांना रस्त्यातच मारलं. वॉर्सा बेचिराख झालं, तसं क्राकुफचं झालं नाही. म्हणून काझिमिएशची सात सिनेगॉग आणि गल्ल्या आजही उभ्या आहेत, पण त्यांत राहणारी माणसं गेली.

युद्धानंतर पोलंडमध्ये स्मरणाची जी रीत पडली तिच्यात ज्यू ही ओळख पुसट होती. आउश्वित्झचं संग्रहालय १९४७ सालचं. शाळांच्या सहली तिथे जात, पण मुलांना सांगितलं जाई ते फॅसिझमच्या बळींबद्दल, निरनिराळ्या राष्ट्रांच्या नागरिकांबद्दल. तिथे सुमारे ११ लाख माणसं मारली गेली आणि त्यांतले सुमारे १० लाख ज्यू होते, ही गोष्ट त्या सांगण्यात विरघळून जायची. वाचून परतलेल्या ज्यूंनाही सुख लाभलं नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये क्राकुफमध्येच त्यांच्यावर हल्ला झाला. पुढच्या वर्षी किएल्त्सेमध्ये त्याहून भीषण हत्याकांड झालं. १९६८ च्या ज्यूविरोधी मोहिमेमुळे उरलेल्यांतले हजारो देशाबाहेर गेले. काझिमिएश पडझडीला लागलं.

मग १९८८ साल उजाडलं. या एका वर्षात, एकाच देशात, दोन वेगळे विचार आकाराला आले. पहिला ‘जिवंतांची पदयात्रा’ या नावाचा. जगभरातल्या ज्यू तरुणांनी आउश्वित्झपासून बिर्केनाऊच्या छावणीपर्यंत तीनेक किलोमीटर चालत जायचं आणि तिथून पुढे इस्राएलला. इस्राएली शाळांच्या सहलीही त्याच सुमारास सुरू झाल्या. सुरक्षारक्षकांसह एका छावणीतून दुसऱ्या छावणीकडे नेणाऱ्या या प्रवासात पोलंड म्हणजे एक विशाल स्मशान होतं. ज्यांचे आजी-आजोबा तिथे जाळले गेले त्यांना ते तसं दिसलं, तर त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही.

दुसरा विचार यानुश माकुख आणि क्शिश्तोफ गिएरात या दोन पोलिश तरुणांचा. दोघेही ज्यू नव्हते. त्यांनी काझिमिएशमध्ये ज्यू संस्कृतीचा महोत्सव सुरू केला. गाणी, सिनेमे, व्याख्यानं. इथे काय मारलं गेलं हे कळायला इथे काय जगत होतं ते माहीत हवं, असा या प्रयत्नाचा अर्थ मी लावतो. मला तो फार मोलाचा वाटतो. सुरुवातीला लहान असलेला तो महोत्सव पुढे युरोपातल्या मोठ्या ज्यू महोत्सवांपैकी एक झाला.

१९९३ साली आपल्या ज्यू कामगारांना वाचवणाऱ्या शिंडलर या कारखानदारावरचा ‘शिंडलर्स लिस्ट’ हा सिनेमा आला. बरंचसं चित्रीकरण काझिमिएशच्या गल्ल्यांत झालेलं. पर्यटकांचे लोंढे सुरू झाले. हिब्रू वळणाच्या अक्षरांत पाट्या रंगवलेली उपाहारगृहं निघाली, आणि दुकानांत हातात नाणं धरलेल्या ज्यूच्या छोट्या बाहुल्या विकायला आल्या. ज्यू नसलेल्या गावात ज्यूपणाचा बाजार, अशी टीका झाली आणि ती खरी होती. त्या बाहुल्या मला आजही लाजिरवाण्या वाटतात. तरीही या गर्दीमुळेच पडकी घरं दुरुस्त झाली, आणि इथे कोण राहत होतं हा प्रश्न पोलिश तरुणांना पडू लागला.

पुढच्या काळात उत्तर अधिक प्रामाणिक होत गेलं. २००४ साली गालिसिया ज्यू संग्रहालय उघडलं. २००८ साली ज्यू समाजकेंद्र सुरू झालं. आपण ज्यू वंशाचे आहोत हे उतारवयात किंवा आजीच्या निधनानंतर कळलेली माणसं तिथे येऊ लागली. २०१० मध्ये शिंडलरच्या कारखान्याच्या जागी युद्धकाळातल्या शहराचं संग्रहालय झालं. २०१४ पासून दर वर्षी एक सायकलफेरी निघते. ती आउश्वित्झपासून सुरू होते आणि क्राकुफच्या या समाजकेंद्रात संपते. पदयात्रेची दिशा छावणीकडे होती, ही छावणीकडून शहराकडे येते. २०२२ मध्ये युक्रेनचे निर्वासित क्राकुफला पोचले, तेव्हा याच केंद्राने त्यांच्यासाठी दारं उघडली.

आधी जगणं, मग मरण या क्रमाचं महत्त्व मराठी माणसाला पटायला वेळ लागू नये. आपल्या कोकणात बेने इस्राएल ज्यू पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत होते आणि शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवत होते. गावाने ते पाहिलं, स्वीकारलं. ज्यू म्हटलं की आपल्याला आधी शेजारी आठवू शकतो, छावणी नंतर. हे भाग्य फार थोड्या समाजांना लाभलंय.

म्हणून पोलंडला गटाने जाणाऱ्यांना विनंती: पैसे भरण्याआधी कार्यक्रमपत्रिका वाचा आणि काझिमिएशसाठी निदान एक पूर्ण सकाळ मागून घ्या, तीही आउश्वित्झच्या आदल्या दिवशी. गाडीतून नको, पायी फिरा. रेमूच्या दफनभूमीत फुटक्या कबरशिळा सांधून उभारलेली भिंत बघा. मग पूल ओलांडून पोदगुझेत जा. तिथल्या चौकात रिकाम्या धातूच्या खुर्च्या मांडून स्मारक केलंय, आणि कोपऱ्यावर तादेउश पान्कीएविच या पोलिश माणसाने घेटोच्या आत चालू ठेवलेल्या औषधांच्या दुकानाची जागा आहे. पुरुषांनी डोकं झाकायला टोपी जवळ ठेवावी. आणि ही सकाळ शनिवारची नसावी, कारण शब्बाथमुळे त्या दिवशी रेमू पर्यटकांसाठी बंद असतं.